दमा आणि विजेची सिगारेट

दिवाळी सरली, की फरीदाबादवर धुरकट हवा उतरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या दूषित शहरांच्या यादीत या शहराचे नाव दुसरे होते. अशा हवेत दमेकऱ्याने विजेची सिगारेट ओढणे म्हणजे दुष्काळात तेरावा महिना होय.

‘ही तर नुसती वाफ!’ असे तरुण म्हणतात. परंतु किटलीतून निघणारी वाफ निराळी आणि ही निराळी. हिच्यात बहुधा निकोटिन, शिवाय प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन व सुगंधी द्रव्ये यांचे सूक्ष्म कण असतात. दमेकऱ्याच्या श्वासनलिकांचे अस्तर मुळातच सुजलेले, भोवतीचे स्नायू चटकन आवळणारे. हे कण त्या अस्तराला डिवचतात. नलिका अरुंद होतात, कफ दाटतो, छातीत घरघर सुरू होते.

२०१९ च्या कायद्याने या वस्तूचे उत्पादन, आयात, विक्री व जाहिरात यांना देशभर बंदी केली. तथापि मुलाच्या दप्तरापर्यंत कायद्याचा हात सहसा पोचत नाही. तेथे वडीलधाऱ्यांनी दरडावण्याऐवजी आपुलकीने विचारावे. दमेकऱ्यानेही ही सवय डॉक्टरांपासून लपवू नये. अन्यथा औषधाची मात्रा वाढत जाते आणि दुखण्याचे कारण खिशातच राहते.