पेशीचे पहारेकरी

श्रोतेहो, गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत होणाऱ्या पॅपिलोमा विषाणूला वस्तुतः कर्करोग घडवावयाचा नसतो. त्यास केवळ स्वतःच्या प्रती काढावयाच्या असतात. त्यासाठी लागणारी सामग्री विभाजन थांबविलेल्या पेशीत नसते. म्हणून त्याचे ‘ई-७’ हे प्रथिन पेशीतील ‘आरबी’ या अर्बुदरोधक प्रथिनाला चिकटते आणि विभाजनाचा अडसर काढते. (भाषांतरात मी ‘अर्बुदनाशक’ हा शब्द कटाक्षाने टाळला आहे, ही प्रथिने अर्बुदाला मारीत नाहीत, पेशीला आवरतात.) या अकाली विभाजनाची चाहूल लागताच ‘पी-५३’ हे दुसरे अर्बुदरोधक प्रथिन पेशीला आत्मनाशाकडे नेऊ पाहते. त्याचा बंदोबस्त ‘ई-६’ करते, आणि तोही पेशीच्याच विकराकरवी: पी-५३वर नाशाची खूण उमटते व पेशीचीच यंत्रणा त्याचे तुकडे करते.

१९५१ साली बाल्टिमोर येथे हेन्रिएटा लॅक्स यांच्या अर्बुदातून घेतलेल्या पेशी आजही प्रयोगशाळांत वाढत आहेत. त्यांत या विषाणूच्या १८ क्रमांकाच्या प्रकाराची जनुके आहेत. परंतु पी-५३चे जनुक मात्र शाबूत आहे! अनेक कर्करोगांत तेच बिघडलेले असते. येथे पी-५३ सतत तयार होते आणि सतत नष्ट केले जाते. ई-६ व ई-७ यांची निर्मिती प्रयोगात बंद पाडली, तेव्हा ते पुन्हा साठू लागले, आरबीही मोकळे झाले आणि पेशींची वाढ थांबली.