माळ रिकामा नाही



माउलींच्या पालखीचा मुक्काम आणि कांद्याचा बाजार यांसाठी महाराष्ट्राला ठाऊक असलेल्या लोणंदनगरीत हे पक्षिमित्र संमेलन भरते आहे. हिवाळी पाहुणे म्हटले की आपल्याला ठाण्याच्या खाडीतले रोहित आठवतात. पण आग्नेय युरोप आणि इराणकडून येणारा काळ्या डोक्याचा भारीट हिवाळा काढतो तो आपल्या शाळूच्या रानात. दाणे टिपायला शिवार, थव्याने बसायला बाभळ, एवढे त्याला पुरते. तिरचिमणीला आखूड गवताचा उघडा माळ हवा, गप्पीदासाला बांधावरचे झुडूप, तर शंकर पक्षी कालव्याच्या पाझराकाठी दाट गवतात वावरतो. माळ, बांध, जिरायत आणि ओल शेजारी-शेजारी असल्यामुळेच एवढे वेगवेगळे पक्षी या दुष्काळी पट्ट्यात सामावतात. कर्नल साइक्स यांनी १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. या माळांवरच्या एका चंडोलाला आजही त्यांचेच नाव आहे. तरीही सरकारी नकाशात असा माळ बहुधा ‘पडीक’ ठरतो, आणि पडीक ठरला की तिथे खड्डे खणून झाडे लावली जातात. झाडे लावण्यात वाईट काय, असे विचारले जाईल. गावठाणात, रस्त्याकडेला, ओढ्याकाठी ती जरूर लावावीत. पण चंडोल आणि धाविक जमिनीवर अंडी घालतात; माळाची दाट राई झाली, तर त्यांनी जायचे कुठे? सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य माळरानाचे आहे, पण जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे. सगळा भार त्यावर टाकता येणार नाही.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा आहे, आणि तो खरा आहे. भारीट कणसे खातात. मात्र सगळे शिवार शाळूचे असते, तेव्हा हे नुकसान साऱ्यांत वाटले जाते. पाणी आले, ऊस वाढला, की ज्याने शाळू राखला त्या एकट्याच्या रानावर सगळा थवा उतरतो. म्हणून दोष पाखरांना देण्यापेक्षा शाळूला परवडेल असा भाव आणि राखणीला मदत मागणे अधिक न्यायाचे आहे. शेतकऱ्याला तोट्यात ठेवून पाखरे वाचणार नाहीत, हे आपण पक्षिमित्रांनीही मान्य केले पाहिजे.

या संमेलनातून दोन ठराव व्हावेत, अशी माझी विनंती आहे: गवताळ माळांची ‘पडीक’ ही नोंद बदलावी, आणि कोणत्याही माळावर वृक्षारोपण करण्याआधी तिथल्या पक्ष्यांची हिवाळी नोंद सक्तीची करावी.