दातांसाठी सीमोल्लंघन

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात युमा नावाचे गाव आहे. तेथून थोड्याच अंतरावर मेक्सिकोची हद्द लागते, आणि ती ओलांडली की लॉस अल्गोदोनेस. वस्ती काही हजारांची; दंतवैद्य मात्र शेकड्यांनी! हिवाळ्यात अमेरिकेतील व कॅनडातील म्हातारी माणसे मोटार अलीकडे उभी करून पायीच पलीकडे जातात, दात भरून घेतात, कॅप बसवून घेतात आणि परततात.

एवढ्या श्रीमंत देशातील माणसांवर ही पाळी का यावी? १९६५ साली तेथे वृद्धांसाठी मेडिकेअरचा कायदा झाला. हृदय, फुप्फुसे, हाडे सारी त्यात आली. दातांचे नेहमीचे उपचार तेवढे वगळले. जणू तोंड हा शरीराचा भागच नव्हे!

पलीकडे जागेचे भाडे व मजुरी कमी, म्हणून दरही कमी. तेवढ्यावरून तिथला वैद्य कच्चा ठरवणे आम्हांस पटत नाही. अडचण निराळीच आहे. कॅपसाठी दात चहूबाजूंनी घासावा लागतो, आणि घासलेला दात पुन्हा वाढत नाही. कॅप केसभर उंच राहिली तरी घास चावताना कळ येते. कधी आतली नस काही आठवड्यांनी ठणकू लागते. युमाच्या माणसाला पुन्हा जाऊन येणे अर्ध्या दिवसाचे काम. कॅनडातल्या आजोबांनी काय करावे?

आपलीही परदेशी राहणारी मुले सुटीत येऊन दातांचे काम उरकून घेतात. विमानाच्या आदल्या दिवशी कॅप बसवू नका, चार दिवस इथली भाकरी चावून पाहा आणि क्ष-किरणांची चित्रे बरोबर न्या, एवढे आम्ही त्यांना सांगत असतो.