ओढ्याची जागा ओढ्याला

(हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



जव्हारच्या डोंगरातील एका पाड्यावरची आपली बालवाडी पुरात दोनदा पडली. पहिल्या वेळी आपण दिलेल्या वर्गणीतून आम्ही ती त्याच जागी, ओढ्याकाठी, पुन्हा बांधली. वाळूवर घर बांधणाऱ्याचा दाखला मी कितीदा शिकवला आहे! तरी ही चूक माझ्या हातून झाली, हे आज आपल्यापुढे कबूल करतो.

ती दुसऱ्यांदा पडल्यावर एका वारली आजीने मला एका आंब्यापाशी नेले. म्हणाली, "पाणी इथवर येतं. तू कधी विचारलंच नाहीस, बाबा."

मोठ्या नद्यांवर राज्याचा जलसंपदा विभाग हेच दाखवण्यासाठी पूररेषा आखतो. 25 वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आतला पट्टा निषिद्ध, दोन रेषांमधला नियंत्रित. पाड्यावरच्या ओढ्याला अशी रेषा बहुधा नसते. तिथे आजीचा आंबा हीच निळी रेषा.

पण नुसते काठावरून सरकून भागत नाही. पावसाळ्यात शेताची माती वाहून जाते आणि उन्हाळ्यात त्याच भागात टँकर येतो. म्हणून शासनाच्या पाणलोट विकास कार्यक्रमाचे सूत्र आहे 'माथा ते पायथा'. आधी डोंगरावर समतल चर व झाडे, मग ओघळींत दगडी बांध, शेवटी खाली नालाबांध. माथा सोडून खालीच बंधारा घातला, तर तो गाळाने भरतो. ढगफुटीचा पूर याने थांबत नाही. म्हणून माथ्यावर काम हवे आणि काठही मोकळा हवा.

फादर हर्मन बाखर या जेझुइट धर्मगुरूंच्या पुढाकाराने महाराष्ट्रात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा राहिला. त्यात गावाने श्रमदान करायचे, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळायची, अशी अट होती. काम टिकते ते गावाने आपले मानले तरच.

आमच्या पाड्यांवर हात आहेत, कष्टाची तयारी आहे. 1996 च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला विकासकामांना मंजुरी देण्याचा अधिकार आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वन राखण्याचाही आहे. अडते ते कागदापाशी. अर्ज कोण लिहिणार? नकाशा कोण वाचणार? कार्यालयात पुन्हा पुन्हा कोण जाणार?

आपल्या मंडळ्यांमध्ये निवृत्त तलाठी, ओव्हरसियर, शिक्षक आहेत. चादरी आणि धान्य आपण दर पावसाळ्यात पाठवता, त्याबद्दल ऋणी आहोत. यंदा त्याबरोबर दोन दिवस द्या. पाड्यावर या, ग्रामसभेत मागे बसा, विचारले तर लिहून द्या.

बालवाडी आता आंब्याच्या वरच्या अंगाला उभी आहे. जागा आजीने दाखवली. तिच्यासाठी आणि येत्या पावसाळ्यासाठी प्रार्थना करा.