वाटीभर जेवण, वीस मिनिटं

वजन कमी करण्याच्या स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा जवळजवळ 80 टक्के भाग काढून टाकतात. पातळ आहाराचे पहिले आठवडे सरले, की ताटाची जागा वाटी घेते. आधी घट्ट वरण, पनीर, अंडं किंवा मासे. भात-पोळी नंतर, पोटात जागा उरली तर. वाटी संपवायला वीस मिनिटं घ्या. पाणी जेवताना नको, अर्ध्या तासानं घोटघोट.

मग एक दिवस वजनाचा काटा अडतो, मन खचतं. बहुतेकांचं असं होतं. तेव्हा सैल झालेला ब्लाउज बघा, धाप न लागता चढलेला जिना आठवा. घरच्यांनो, ‘एवढंसंच?’ म्हणत आग्रह करू नका. आणि बरं वाटतंय म्हणून जीवनसत्त्वांच्या गोळ्या सोडू नका; त्या आयुष्यभर घ्यायच्या असतात.