डोंगरमाथ्याचे विश्वस्त

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यानाचा संपादित भाग)



विश्वस्त म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मंदिर, धर्मशाळा आणि हिशेबाच्या वह्या येतात. ओढा ज्या डोंगरमाथ्यावर उगम पावतो, त्या माथ्यालाही विश्वस्त असू शकतात, हे आज मला मांडावयाचे आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १८९१ साली, जमिनी लोकांसाठी कायमच्या राखून ठेवणारा एक न्यास स्थापन झाला. अशा भूमिन्यासांच्या पाणलोट क्षेत्रांची बरीचशी राखण आज तेथील स्वयंसेवक करतात. आपल्याला ही कल्पना परकी वाटू नये. सह्याद्रीतील देवराईची जमीन देवाची. तेथे कुऱ्हाड चालत नाही, आणि कित्येक देवरायांच्या पोटात गावाचा झरा असतो.

श्रमाची ताकद महाराष्ट्रातील तरुणांनी दाखविली आहेच. २०१६ मध्ये कोरेगाव, अंबाजोगाई व वरुड या तीन तालुक्यांत सुरू झालेली पाणी फाउंडेशनची स्पर्धा २०१९ पर्यंत ७६ तालुक्यांत पोहोचली. महाराष्ट्रदिनी शहरांतील युवक ‘जलमित्र’ म्हणून कुदळ-फावडी घेऊन खेड्यांत गेले. ठरावीक श्रमदान पूर्ण करणाऱ्या गावांना २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेने यंत्रे पुरविली, याचा आपल्याला अभिमान वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु ती स्पर्धा ४५ दिवसांची होती. वर्षाच्या उरलेल्या ३२० दिवसांत त्या चरांकडे कोण पाहणार? चर गाळाने भरतात, दगडी बांधाचा एखादा दगड पहिल्याच लोंढ्यात निसटतो, फाल्गुनात वणवा लागून गवत जळते. उघड्या पडलेल्या माथ्यावरची माती मग पायथ्याच्या खोल केलेल्या नाल्यात येऊन बसते. नाला-खोलीकरणाचे छायाचित्र झकास येते. माथ्यावरच्या गवताचे कोणी काढत नाही! एक हेक्टरवर एक सेंटिमीटर पाऊस पडला, तर १ लाख लिटर पाणी होते. गवतात अडखळले तर ते मुरते, नाहीतर माती घेऊन निघून जाते.

कोणी श्रावक विचारील, की चर खोदणे ही पृथ्वीकायिक जीवांची विराधना नव्हे काय? ही शंका हसण्यावारी नेऊ नये. पंधरा कर्मादानांत भूमी खोदण्याचे स्फोटकर्म आहेच. मात्र त्याच यादीत वनकर्म आहे, दवदान म्हणजे वणवा लावणे आहे, आणि सरोवरे-तळी शोषून कोरडी करणेही आहे. कर्मादाने उपजीविकेसंबंधी आहेत, हे खरे. तरीही मला त्यातून कामाचा क्रम दिसतो. आधी राखण, मग खोदकाम. जेथे चराईबंदीने गवत आपोआप उभे राहते, तेथे कुदळ नको. जेथे विखुरलेले दगड रचून ओघळ अडतो, तेथे यंत्र नको.

आणि राखण हेच युवकांचे खरे क्षेत्र आहे. पौषात, जाळून नव्हे तर गवत कापून, जाळरेषा काढावी. पहिल्या पावसानंतर प्रत्येक बांध पायी फिरून पाहावा. पर्जन्यमापकाची रोजची आणि विहिरींच्या पातळीची महिन्याची नोंद वहीत ठेवावी. हिवरे बाजार दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पिके ठरविते. ताळेबंदाचे महत्त्व या सभागृहाला मी सांगावे असे नाही.

जमिनीचा प्रश्न विश्वस्तांचा. सार्वजनिक न्यासाच्या नावे झालेली जमीन धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय विकता येत नाही. या अटीला आपण विश्वस्त पुष्कळदा वैतागतो, पण डोंगराला तीच ढाल आहे. जमीन शेतीची असेल तर परवानग्यांचा प्रश्न येतो, म्हणून दानपत्रापूर्वी वकिलांचे मत घ्यावे. सोबतच ज्यांची गुरे तेथे आजवर चरली, त्या पायथ्याच्या कुटुंबांशी बसून बोलावे. गवत कापून नेण्याचा त्यांचा हक्क पहिल्याच ठरावात लिहावा. तो नसेल तर कुंपण एका पावसाळ्यात मोडेल, आणि दोष आपलाच असेल.

असा एक माथा आपल्या मंडळाने या सुवर्णमहोत्सवी वर्षात पाहून ठेवावा, ही विनंती. युवकांनी नावे आजच कार्यालयात नोंदवावीत. पौषाला अवकाश आहे, पण विळ्यांना धार लावून ठेवायला हरकत नाही.