सुंभ जळतो, पीळ उरतो

घरांत विजेचा दिवा लावण्यास एक क्षण पुरतो. पण ज्या केंद्रांतून ती वीज येते, तें उभारण्यास कित्येक वर्षें लागतात, आणि त्यावर खर्च झालेला पैसा वसूल होण्यास आणखी वीस-पंचवीस वर्षें जातात. लोकशाही देशांतील सरकारें मात्र चार-पांच वर्षांनीं बदलतात. एका सरकारनें दिलेलें वचन दुसऱ्यानें कां पाळावें, हा प्रश्न या दोन कालमानांच्या विषमतेंतून उत्पन्न होतो. आणि गुंतवणुकीला संरक्षण देणारे आंतरराष्ट्रीय करार हें त्या प्रश्नाचें एक उत्तर आहे. तें उत्तर यापुढें कितपत टिकेल, याविषयीं आज युरोपांत मोठी शंका उत्पन्न झाली आहे.

ही शंका समजण्यासाठीं प्रथम अशा भांडवलाचा स्वभाव ध्यानांत घेतला पाहिजे. कापडाच्या व्यापाऱ्याला एखाद्या गांवचा कारभार आवडला नाहीं, तर तो आपलीं गाठोडीं बांधून दुसऱ्या गांवीं जातो. खाण, तेलविहीर, धरण किंवा वीजकेंद्र यांत पैसा घालणाराची गोष्ट निराळी आहे. त्याचें भांडवल जमिनींत रुतलेलें असतें. यंत्रें बसेपर्यंत राज्यकर्ते त्याची मनधरणी करतात. यंत्रें बसल्यावर तोच त्यांच्या हातीं सांपडतो. कर वाढवा, दर उतरवा, परवाना अडवा, त्याला कोठें पळून जातां येत नाहीं. ही धास्ती मनांत असली म्हणजे तो एक तर येतच नाहीं, किंवा येतांना धोक्याची किंमत म्हणून जबर नफा मागतो. आणि ती किंमत अखेर गिऱ्हाइकालाच भरावी लागते. म्हणून असे करार केवळ धनिकांच्या सोयीसाठीं झाले, असें म्हणणें अर्धवट ठरेल.

या प्रकारच्या करारांत सर्वांत विस्तृत करार म्हणजे ऊर्जा-सनद करार. १९९० सालीं पूर्व युरोपांतील जुनी राज्यव्यवस्था कोसळत होती. त्या वर्षीं जूनमध्यें डब्लिन येथें भरलेल्या युरोपीय राष्ट्रप्रमुखांच्या बैठकींत हॉलंडचे पंतप्रधान रूड लुबर्स यांनीं एक कल्पना मांडली. पूर्वेकडे तेल व वायु आहे, पश्चिमेकडे पैसा व यंत्रविद्या आहे. या दोहोंची सांगड घालावी, असा तिचा आशय होता. डिसेंबर १९९१ मध्यें हेग येथें ऊर्जेची सनद जाहीर झाली. १७ डिसेंबर १९९४ रोजीं लिस्बन येथें तिच्यावरून बंधनकारक करार झाला. आणि १६ एप्रिल १९९८ पासून तो अंमलांत आला. पुढें सुमारें पन्नास राष्ट्रें त्यांत सामील झालीं.

या करारांतील दोन कलमें विशेष महत्त्वाचीं आहेत. सव्विसाव्या कलमानें परक्या देशाच्या भांडवलदाराला असा अधिकार दिला कीं, यजमान सरकारनें कराराचा भंग केला असें त्याला वाटल्यास त्यानें त्या देशाच्या न्यायालयाकडे न जातां सरळ आंतरराष्ट्रीय लवादापुढें सरकारवर दावा लावावा. सत्तेचाळिसाव्या कलमानें राष्ट्राला करार सोडण्याची मोकळीक दिली. परंतु सोडण्यापूर्वीं झालेल्या गुंतवणुकीला पुढें वीस वर्षें पूर्वींचेंच संरक्षण राहील, असेंहि त्यांत लिहिलें. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाहीं, ही म्हण या कलमाला अक्षरशः लागू पडते.

पहिल्या कलमाचा उपयोग कोणत्या संकटांत होतो, हें रशियांतील युकोस कंपनीच्या प्रकरणावरून कळतें. ही त्या देशांतील एक अत्यंत मोठी तेलकंपनी. २००३ सालीं तिच्या प्रमुखाला अटक झाली, मग कराच्या मागण्यांचा तिच्यावर वर्षाव झाला, आणि २००४ च्या डिसेंबरांत तिचें मुख्य तेलक्षेत्र लिलावांत निघून अखेर सरकारी कंपनीच्या पदरीं पडलें. भागधारकांनीं ऊर्जा-सनद कराराखालीं दावा लावला. रशियानें करारावर सही केली होती, पण त्याला अंतिम मान्यता कधींच दिली नव्हती. तरीहि तात्पुरत्या अंमलबजावणीचें कलम त्याला बांधतें, असें लवादानें ठरविलें. १८ जुलै २०१४ रोजीं पंचांनीं सुमारें ५० अब्ज डॉलरांचा निवाडा दिला. तो हॉलंडच्या न्यायालयांत एकदां रद्द झाला, पुन्हां जिवंत झाला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें रशियाचें शेवटचें अपील फेटाळलें. पैसा हातीं येईल तेव्हां येईल. पण राजानें कराच्या निमित्तानें मालमत्ता गिळली, तर त्याचा जाब विचारण्याची एक जागा जगांत आहे, एवढें या प्रकरणानें सिद्ध केलें.

परंतु जी ढाल लुटीपासून वांचविते, तीच लोकहिताच्या कायद्याच्या आड येऊं लागली, तर काय करावें? इटलीच्या आब्रुत्सो प्रांताच्या किनाऱ्याजवळ समुद्रांत ओम्ब्रिना मारे नांवाचें तेलक्षेत्र आहे. किनाऱ्यावरील लोकांनीं तेथें तेल काढण्यास कडाडून विरोध केला. सरकारनें २०१६ च्या आरंभापासून किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या आंत नव्या तेलकामास बंदी केली व रॉकहॉपर या ब्रिटिश कंपनीला परवाना नाकारला. त्याच १ जानेवारी २०१६ या दिवशीं इटली ऊर्जा-सनद करारांतून बाहेर पडली. तरीहि २०१७ सालीं कंपनीनें दावा लावला. शेपटाच्या वीस वर्षांपैकीं नुकतें एक सरलें होतें. ऑगस्ट २०२२ मध्यें लवादानें सुमारें १९ कोटी युरो व त्यावर व्याज देण्यास इटलीला फर्माविलें. विशेष हें कीं, ही रक्कम केवळ झालेल्या खर्चावर नव्हे, तर पुढें मिळाला असता अशा नफ्यावर मोजली गेली. जून २०२५ मध्यें पंचमंडळाच्या रचनेंतील दोषामुळें हा निवाडा रद्द झाला. पण रद्द झालेला निवाडा म्हणजे दाव्याचा शेवट नव्हे. तोच तंटा नव्या पंचांपुढें मांडण्याची सोय नियमांत आहे.

जर्मनीचा अनुभव थोडा निराळा आहे. मार्च २०११ मध्यें जपानांत फुकुशिमा येथें अपघात झाल्यावर जर्मनीनें अणुवीजकेंद्रें लौकर बंद करण्याचा कायदा केला. त्यावर वाटेनफाल या स्वीडिश सरकारच्या मालकीच्या कंपनीनें २०१२ सालीं लवादाकडे धांव घेतली. जर्मनीच्या घटना-न्यायालयापुढेंहि तोच प्रश्न गेला, आणि २०१६ सालीं त्या न्यायालयानें कांहीं बाबतींत भरपाई देय आहे, असा निर्णय दिला. मार्च २०२१ मध्यें तडजोड होऊन चार कंपन्यांना मिळून सुमारें २ अब्ज ४३ कोटी युरो मिळाले. त्यांपैकीं १ अब्ज ४२ कोटींहून अधिक वाटेनफालच्या वांट्यास आले. जेथें देशांतील न्यायासन निःपक्षपाती आहे, तेथें त्याला वगळून परदेशीं जाण्याची गरज किती, असा प्रश्न या प्रकरणामुळें सहजच उभा राहतो.

यावरून कोणी असा ग्रह करून घेईल कीं, हा करार म्हणजे कोळसा, तेल व अणुशक्ति यांचाच पाठीराखा. पण स्पेनचें उदाहरण तो ग्रह दूर करतें. २००७ सालीं स्पेनच्या सरकारनें सूर्यशक्तीच्या विजेला दीर्घकाळ चढा दर देण्याचें जाहीर केलें. पैसा लोटला. पुढें आर्थिक मंदी आली, खजिन्यावर ताण पडला, आणि २०१० ते २०१४ या काळांत सरकारनें ते दर टप्प्याटप्प्यानें कापले. परक्या भांडवलदारांनीं सुमारें पन्नास दावे लावले. म्हणजे स्वच्छ विजेचे कारखानदारहि याच ढालीमागें उभे राहिले. हजारों स्पॅनिश कुटुंबांनींहि आपली पुंजी याच विजेंत घातली होती. परकीयाला लवादाचें दार उघडें होतें. त्यांना तें बंद होतें. एकाच शेतांतील पीक गारांनीं झोडपलें, आणि भरपाई मात्र परगांवच्या वांटेकऱ्यालाच मिळाली, असा हा प्रकार झाला.

युरोपीय संघाच्या न्यायालयानें सप्टेंबर २०२१ मध्यें असा निर्णय दिला कीं, संघांतीलच एका देशाच्या भांडवलदाराला संघांतील दुसऱ्या देशाविरुद्ध हें कलम वापरतां येत नाहीं. परंतु लवादांनीं तें बहुधा मानलें नाहीं, आणि स्पेनविरुद्धचे निवाडे घेऊन धनको अमेरिका, इंग्लंड व ऑस्ट्रेलिया येथील न्यायालयांत वसुलीसाठीं गेले. अखेर राष्ट्रांचा धीर सुटला. फ्रान्स, जर्मनी व पोलंड २०२३ च्या डिसेंबरांत बाहेर पडलीं. स्पेन व ब्रिटन यांनीं एप्रिल २०२५ मध्यें करार सोडला, आणि २८ जून २०२५ रोजीं खुद्द युरोपीय संघ बाहेर पडला. तरी पीळ उरलाच. इटलीवर तो २०३५ च्या अखेरपर्यंत, फ्रान्सवर २०४३ पर्यंत आणि संघावर २०४५ पर्यंत राहावयाचा आहे. जून २०२४ मध्यें संघानें व त्याच्या बहुतेक सभासदांनीं आपसांत हें शेपूट लागू नाहीं, असें ठरविलें. पण जपान किंवा स्वित्झर्लंड यांच्या भांडवलदारांना तो ठराव बांधीत नाहीं.

इकडे करारांत राहिलेल्या राष्ट्रांनीं ३ डिसेंबर २०२४ रोजीं कराराची सुधारलेली आवृत्ति मान्य केली. कोळसा, तेल व वायु यांतील गुंतवणुकीचें संरक्षण ज्याला काढून घ्यावयाचें असेल, त्याला तें काढून घेण्याची मुभा तींत आहे. औषध बरें होतें. पण तें तयार होईपर्यंत बरेचसे रोगी वैद्याचें घर सोडून गेले होते.

ऊर्जा-सनद करारांत भारत कधींच सामील झाला नाहीं; परंतु हा प्रश्न भारताला, आणि त्यांतहि महाराष्ट्राला, परका नाहीं. १९९३ सालीं महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळानें गुहागरच्या किनाऱ्यावरील दाभोळ प्रकल्पाशीं वीजखरेदीचा करार केला. प्रकल्पाची मुख्य चालक अमेरिकेची एन्रॉन कंपनी होती. १९९५ मध्यें राज्यांत सरकार बदललें व करार रद्द झाला. १९९६ मध्यें तो नव्या अटींवर पुन्हां जुळला. २००१ मध्यें विजेचा दर डोईजड होऊन खरेदी थांबली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत एन्रॉनचेंच दिवाळें निघालें. भारत व अमेरिका यांच्यामध्यें गुंतवणुकीच्या संरक्षणाचा असा करार नव्हता. तरी जनरल इलेक्ट्रिक व बेक्टेल या भागीदारांनीं मॉरिशसमधील आपल्या कंपन्यांच्या नांवानें भारत-मॉरिशस कराराचा आधार घेतला. २००५ मध्यें तडजोड झाली. पण एका बेटाच्या वाटेनें दुसऱ्याच देशाचा धनको कसा दारीं येतो, हें तेव्हां दिसून आलें.

राजस्थानांतील तेलामुळें प्रसिद्ध झालेल्या केर्न या ब्रिटिश कंपनीचा तंटा याच्या उलट बाजूचा. २०१२ च्या कायद्यानें जुन्या व्यवहारावर मागाहून कर बसविण्यांत आला. डिसेंबर २०२० मध्यें लवादानें भारताविरुद्ध १ अब्ज २० कोटी डॉलरांहून अधिक रकमेचा निवाडा दिला. कंपनीनें पॅरिसमधील भारत सरकारच्या मालमत्तेवर टांच आणण्याची परवानगी मिळविली. शेवटीं २०२१ सालीं सरकारनें तो मागाहून लागणारा कर काढून टाकला, व पुढें सुमारें ७,९०० कोटी रुपये परत केले. दरम्यान भारतानें डिसेंबर २०१५ मध्यें करारांचा नवा नमुना तयार केला होता. परक्या भांडवलदारानें प्रथम पांच वर्षें देशांतील न्यायालयांत दाद मागावी, अशी अट त्यांत घालण्यांत आली, आणि पन्नासाहून अधिक देशांना जुने करार संपविण्याच्या सूचना गेल्या. संयुक्त अरब अमीरातीशीं २०२४ सालीं झालेल्या करारांत ही मुदत तीन वर्षांवर आली. भांडवलाला पूर्णपणें पाठमोरें होणें कोणत्याहि वाढत्या देशाला परवडत नाहीं, हेंच यावरून दिसतें.

या सर्व प्रकरणांतून एक विवेक हातीं लागतो. मालमत्ता हिसकावणें, परका म्हणून भेदभाव करणें, झालेल्या व्यवहारावर मागाहून कर लादणें, हे अन्याय आहेत. त्यांपासून संरक्षण मिळालेंच पाहिजे, मग लुटलेला माणूस कितीहि धनाढ्य असो. पण समुद्र स्वच्छ राहावा, हवा निर्मळ व्हावी, कोळशाचा धूर कमी व्हावा, म्हणून सर्वांना सारखा लागू होणारा कायदा करणें हा अन्याय नव्हे; तो राज्यकर्त्याचा धर्म आहे. आजवरच्या करारांनीं या दोन गोष्टी एकाच मापानें मोजल्या, हेंच त्यांच्या पडझडीचें खरें कारण. भविष्यांतील कराराला टिकावयाचें असेल, तर त्यानें हा भेद स्पष्ट शब्दांत लिहिला पाहिजे. भरपाई मोजतांना खर्च केलेला पैसा पाहावा, स्वप्नांतला नफा पाहूं नये. आणि परकीयाला जो न्याय, तोच त्याच विजेंत आपली पुंजी घालणाऱ्या नागरिकाला मिळेल, अशी व्यवस्था करावी.

असे करार साफ मोडून टाकावेत, असें म्हणणारांनीं एक गोष्ट विसरूं नये. यापुढें जगाला लागणारा सर्वांत मोठा पैसा सूर्य, वारा व पाणी यांच्या विजेसाठींच लागणार आहे, आणि त्या कामांत खर्चाचा बहुतेक भाग आरंभींच करावा लागतो. ज्या गरीब देशाच्या शब्दावर सावकाराचा विश्वास नाहीं, त्याला तोच सूर्यप्रकाश अधिक व्याजानें विकत घ्यावा लागतो. शब्दाचें मोल म्हणून संपत नाहीं. तो शब्द कोणत्या गोष्टीसाठीं द्यावयाचा, एवढेंच ठरवावयाचें आहे.

जुन्या ताम्रपटांत दान देतांना चंद्र-सूर्य असेपर्यंत तें चालावें, असें लिहीत. नव्या करारकर्त्यांनीं चंद्र-सूर्यांऐवजीं वीस वर्षें लिहिलीं. पण ज्यांनीं त्या करारावर मत दिलें नाहीं, त्या पुढच्या पिढीचे हात बांधण्यास तींहि पुष्कळ झालीं. इटलीच्या किनाऱ्यावर आज जन्मलेलें मूल शाळेंत जाऊं लागेल, त्यानंतरहि कांहीं वर्षें तें शेपूट जिवंत राहील. पुढच्या करारावर सही करणारांनीं लेखणी उचलण्यापूर्वीं त्या मुलाचें वय मोजून पाहावें.